आयर्विनला किती? नदीकाठचं घर विकताना, आणि विकत घेऊन राहताना

पावसाळ्यात सांगलीत कुणाचाही फोन आला की तब्येतपाणी नंतर, आधी प्रश्न एकच: "आयर्विनला किती?" १९२९ साली खुला झालेला हा पूल, त्याच्याजवळ मोजली जाणारी कृष्णेची पातळी, आणि त्या फुटांवर ठरणारी शहराची झोप. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात.

आमचं घर गावभागातलं. बाबांनी १९७४ साली बांधलेलं, विटांचं, दोन मजली. आई गेल्यावर मी पुण्यात, दादा डॅलसला, आणि घराला कुलूप. विकायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, चार महिन्यांत आटपेल. सव्वा वर्ष लागलं. त्यातले निम्मे महिने निव्वळ माझ्या चुकांनी गेले. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितेय. उदाहरण सांगलीचं आहे, पण वाई, कराड, नाशिक, कोल्हापूर, जिथे जिथे नदी उंबऱ्याजवळ आहे तिथे थोड्याफार फरकानं हेच लागू पडेल.

१. आधी महिना ठरवा, मग एजंट

नदीकाठचं घर जून ते सप्टेंबरात दाखवायला काढू नका. भिंती ओल्या, गल्लीत चिखल, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहून आधी आभाळाकडे बघतं. पितृपक्षात तर कुणी विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायलाही तयार होत नाही. दिवाळी झाली की घर उघडा. तोवर भिंती सुकलेल्या असतात, नदी पात्रात गेलेली असते आणि घाटाच्या पायऱ्या परत दिसू लागतात. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया हे मुहूर्त बघून लोक व्यवहार करतात, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल हा तुमचा खरा हंगाम. मी जुलैत सुरुवात केली. ही पहिली चूक.

२. कागद गोळा करा, आणि ते भिजले असतील हे गृहीत धरा

२०१९ च्या पुरात आमचं लोखंडी कपाट पाण्याखाली गेलं आणि बाबांच्या जागेचं मूळ खरेदीखत लगद्यासारखं बाहेर आलं. घाबरू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदलेल्या दस्ताची प्रमाणित नक्कल मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असेल तर काम लवकर होतं. नसेल तर सूची क्रमांक दोन, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात तो दस्ताचा नोंदलेला गोषवारा, शोधून तिथून मागे जावं लागतं.

लागणारे कागद असे:

- नगर भूमापन कार्यालयाचं मालमत्ता पत्रक, ताजं काढलेलं
- मूळ खरेदीखत किंवा त्याची प्रमाणित नक्कल, आणि इंडेक्स टू
- बांधकाम परवाना, मंजूर नकाशा, पूर्णत्वाचा दाखला
- महापालिकेची घरपट्टी, पाणीपट्टी यांच्या पावत्या आणि थकबाकी नसल्याचा दाखला
- महावितरणचं शेवटचं बिल
- आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र
- सगळ्या विक्रेत्यांचं आधार आणि पॅन
- हद्दीबद्दल जराही शंका असेल तर मोजणीची क प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा नकाशा

खरा सापळा मालमत्ता पत्रकात असतो. आमच्या पत्रकावर बाबा जाऊन नऊ वर्षं झाली तरी बाबांचंच नाव होतं. घरपट्टी आईच्या नावानं येत होती, म्हणून सगळ्यांना वाटलं नाव लागलंय. घरपट्टीवर नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. वारसनोंद होऊन पत्रकावर तुमची नावं चढेपर्यंत कुठलाही शहाणा वकील पुढच्या माणसाला व्यवहार करू देणार नाही. हे काम घर विकायचं ठरवलं त्याच आठवड्यात सुरू करा. बाबांनी कधीकाळी घेतलेल्या कर्जाचा बोजा पत्रकावर तसाच राहिलाय का, तेही बघा. कर्ज फिटतं, बोजा कमी करायचा मात्र राहून जातो.

भावंड परदेशात असेल तर मुखत्यारपत्र लागेल. ते तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून किंवा तिथल्या नोटरीसमोर करून अपोस्टिलसह, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमाणशिक्क्यासह, पाठवता येतं. इथे हातात पडल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर महाराष्ट्राचं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. दादाचं पाकीट आलं ते मी कौतुकानं कपाटात ठेवलं आणि ऐंशीव्या दिवशी मला ही अट कळली. पुढचे दहा दिवस आठवायला नकोत.

३. भिंतींना श्वास घेऊ द्या

पुराचं पाणी आठवडाभर घरात राहिलं की वीट ते पिते. पाणी उतरतं, पण विटेतलं मीठ बाहेर येत राहतं. त्याला आपण खार फुटणं म्हणतो. पांढरी पूड, फुगलेला रंग, हात लावला की गळणारा गिलावा. रंगारी म्हणेल, "ताई, दोन हात पुट्टी मारतो, कळणारबी न्हाई." खरंच कळत नाही. दीड महिना. मग तो पापुद्रा पडतो, आणि नेमका गिऱ्हाइकासमोर पडतो.

बरोबर पद्धत वेळखाऊ आहे. खार कोरड्या ब्रशनं झाडून काढा, पाण्यानं धुऊ नका, नाहीतर मीठ पुन्हा आत जातं. ओल जिथवर चढलीय त्याच्या वर फूटभर जाऊन गिलावा काढून टाका आणि वीट जानेवारी ते एप्रिल उघडी ठेवा. घर त्या काळात कुरूप दिसतं, दिसू दे. नंतर नवा गिलावा, आणि त्यावर चुना किंवा ओल बाहेर सोडणारा साधा रंग. ऑइलपेंट आणि चकचकीत प्लास्टिक रंग तळमजल्यावर नकोच, ओल आत कोंडते.

विजेचे बोर्ड आणि मीटर छातीच्या वर घ्या. आम्ही २०१९ नंतर सगळे सहा फुटांवर नेले होते. घर बघायला आलेल्या एका गृहस्थांनी फक्त त्या बोर्डांकडे बघून मान डोलावली. जाणकार माणूस टाइल्स बघत नाही, बोर्ड बघतो.

आणि मोरी. पूर दारातून येतो असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडे तो आधी मोरीतून येतो. गटार भरलं की पाणी उलटं चढतं, आणि रस्ता कोरडा असताना न्हाणीघरात गुळगुळ आवाज येऊ लागतो. ड्रेनेजच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. खर्च मोठा नाही आणि पुढच्या माणसाला हे तुम्ही केलंय म्हणून सांगता येतं.

४. पुराची रेघ पुसू नका

आमच्या बैठकीच्या खोलीत दाराशेजारी बाबांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. "२००५". घोट्याच्या थोडी वर. त्या वर्षी आयर्विनला ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फूट ओलांडले, ती रेघ आईनं मारली, छातीजवळ. २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास, गुडघ्याच्या वर. तीन रेघा, त्यातल्या दोन थरथरत्या हाताच्या.

एजंट म्हणाला, पहिल्यांदा रंग मारून हे घालवा. मी घालवलं. जुलैत आलेल्या एका जोडप्याला घर आवडलं होतं. बाई स्वयंपाकघरात मापं घेत होत्या. त्यांचे सासरे तेवढ्यात बाहेर जाऊन शेजारच्या काकूंना विचारून आले, "पाणी कुठपर्यंत आलतं वो?" काकूंनी हात छातीला लावून दाखवला. आजोबा परत आले, माझ्याकडे न बघता सुनेला म्हणाले, "चला." पैशाची बोलणी झाली असती, घराची दुरुस्ती झाली असती. रंग मारलेली भिंत मात्र माझ्याकडून काहीच ऐकू देईना. त्यानंतर दोन महिने कुणी फिरकलं नाही. गल्लीत बातमी पोहोचायला वेळ लागत नाही.

दिवाळीनंतर मी उलटं केलं. काकूंना, समोरच्या दुकानदारांना विचारून रेघा पुन्हा आखल्या. या वेळी पेन्सिलीनं नाही, निळ्या ऑइलपेंटनं, शेजारी वर्ष आणि आयर्विनचा आकडा. ऑइलपेंट तळमजल्यावर नको म्हणाले ते खरं, पण तीन रेघांना चालतो. शिवाय एक फाइल केली: तिन्ही पुरांचे घरातले फोटो, पंचनाम्याच्या प्रती, नंतर केलेल्या दुरुस्तीची बिलं. येणाऱ्याच्या हातात चहाच्या आधी ती फाइल.

पाचपैकी तीन जण तिथेच गळले. गळू द्या. ते नाहीतरी साठेखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, आदल्या दिवशी गळलेच असते. उरलेल्या दोघांशी बोलणी सरळ झाली, कारण त्यांना शोधून काढायला काही उरलं नव्हतं.

पाणी तुमच्या घरात आयर्विनच्या कितव्या फुटाला येतं हे काढून ठेवा. गणित सोपं आहे: पुराचा आकडा वजा घरातली पाण्याची उंची. आमचं आलं ५३. हा एक आकडा विकणाऱ्याजवळ तयार असला की घेणाऱ्याचा निम्मा जीव भांड्यात पडतो.

५. कागदावरची नदी

भिंतीवरच्या रेघेखेरीज आणखी दोन रेघा असतात, त्या जलसंपदा विभागाच्या नकाशावर. निळी पूररेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवर करता येतं. तुमचं जुनं, परवानगीचं घर त्यामुळे बेकायदा ठरत नाही. पण घेणारा जर "पाडून अपार्टमेंट बांधू" म्हणून आला असेल तर त्याला काय बांधता येईल हे त्या रेषाच ठरवतात. तुमचं घर कुठल्या बाजूला पडतं हे महापालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घ्या. तोंडी घेतलं आणि व्यवहार त्यावर मोडला, असं आमच्याच गल्लीत झालंय.

६. घर संध्याकाळी दाखवा

हे मी अपघातानंच शिकले. गिऱ्हाइकाची गाडी पंक्चर झाली आणि अकराऐवजी ते साडेपाचला आले. घर बघून झालं, फाइल बघून झाली, कुणी काही बोलेना. मी म्हटलं, चला, घाटावर जाऊन येऊ.

डिसेंबरची संध्याकाळ. पाणी संथ, पलीकडच्या काठावर मळीतली हिरवीगार वांगी, विष्णू घाटाच्या पायऱ्यांवर दोन म्हातारे पाय सोडून बसलेले, पुलावरून एसटी जातेय तिचं प्रतिबिंब पाण्यात. गृहस्थ जतचे. निवृत्त शिक्षक. बराच वेळ गप्प उभे राहिले, मग म्हणाले, "ताई, आमी टँकरची वाट बघत म्हातारं झालो. पाणी घरात येतंय म्हणून घर विकणारी माणसं बघून मला नवल वाटतंय."

घर त्यांनीच घेतलं. भाव मात्र शिक्षकाच्या काटेकोरपणानं पाडून घेतला. रेघांचे पैसे त्यांनी रेघागणिक कापले.

तेव्हा: दुपारच्या उन्हात दाखवू नका, दारंखिडक्या तासभर आधी उघडा, तळमजला रिकामा ठेवा. अडगळ भरलेल्या खोलीत ओलीचा वास जास्त येतो. अगरबत्ती लावून तो झाकायला जाऊ नका, वास दुप्पट कळतो.

७. पैसे आणि कर: इथे चार्टर्ड अकाउंटंट लागतोच

थोडक्यात सांगते, कारण तुमचं गणित तुमचा माणूस करेल.

विसार घेतलात तर पावती करा, आणि साठेखत नोंदवूनच करा. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेऊ नका, जेवढी घ्याल तेवढाच दंड बसू शकतो. ५० लाख किंवा वरच्या व्यवहारात घेणारा १ टक्का कर कापून भरतो. विक्रेता परदेशस्थ असेल तर त्याच्या हिश्श्याला हा दर आणि ही मर्यादा दोन्ही लागू नाहीत, कपात बरीच मोठी होते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून व्यवहाराआधी काढता येतो. दादाचा आम्ही काढला नाही, त्याचे पैसे परताव्यासाठी वर्षभर अडकले.

घर २००१ च्या आधीचं असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूल्यांककाकडून काढून घ्या, नफा तिथून मोजला जातो. निवासी व्यक्तीला २३ जुलै २०२४ पूर्वीच्या घरावर दोन वाटा आहेत: सरळ १२.५ टक्के, किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के. दोन्ही मांडून बघा. नफ्यातून दोन वर्षांत दुसरं घर घेतलं, किंवा तीन वर्षांत बांधलं, तर त्यावर सूट मिळते.

नदीकाठचा खास सापळा रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या भावाचा. तो तुमच्या भिंतीवरच्या रेघा बघत नाही. पुरामुळे तुम्ही रेडी रेकनरपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त कमी भावानं विकलंत, तर कर चढ्या किमतीवर धरला जाऊ शकतो. अशा वेळी मूल्यांककाचा अहवाल आणि ती पुराची फाइल, दोन्ही कामी येतात.

मुद्रांक शुल्क घेणाऱ्याचं असतं, पण बोलणी करताना तुम्हालाही माहीत हवं: आमच्याकडे अधिभारासह ६ टक्क्यांच्या घरात, खरेदी एकट्या महिलेच्या नावे असेल तर एक टक्का सवलत, नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार. गुरुजींनी घर बाईंच्या नावावर घेतलं. सवलतीसाठी घेतलं असं ते म्हणतात. बाईंचं म्हणणं वेगळं आहे.

किल्ली शेवटचा पैसा जमा झाल्यावर. "सामान तेवढं ठेवतो" म्हणणाऱ्यालाही.

८. किल्लीबरोबर एक वही द्या

ही पायरी कुठल्या वकिलानं सांगितली नाही. विकायच्या नादात मी पाच महिने त्या घरात सलग राहिले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. निघताना जे जे आठवलं ते शंभर पानी वहीत लिहून गुरुजींना दिलं. नदीकाठी नव्यानं राहायला येणाऱ्या कुणालाही त्यातलं चालेल, म्हणून थोडं इथे.

पाण्याबद्दल. नुसत्या सांगलीतल्या पावसाकडे बघू नका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते बघा, ते पाणी इथे पोहोचायला तास लागतात, तेवढा वेळ तुमचा. खाली हरिपूरला वारणा येऊन मिळते. वारणा फुगलेली असली की कृष्णेचं पाणी पुढे सरकत नाही, पूर उतरायला उशीर होतो. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगरात पाणी शिरल्याची बातमी आली की आपल्याला अजून वेळ असतो, पण गाफील राहायचा नाही. या घरापुरतं सांगायचं तर ४५ ला गाडी गणपती मंदिराच्या पलीकडे उंचावर लावून या, ४८ ला मोरीचा व्हॉल्व्ह बंद करून त्यावर वाळूची पोती, ५० ला फ्रीज, गाद्या, कागद वरच्या मजल्यावर आणि सिलिंडर साखळीनं बांधलेलं. अधिकाऱ्यांनी बाहेर पडा म्हटलं की आकडे बघत बसू नका, निघा.

मगरींबद्दल. आहेत. थंडीत सकाळी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात आणि लांबून बघायला फार देखण्या असतात. लांबूनच. पोहायचं तर जिथे रोजचे पोहणारे उतरतात तिथेच, त्यांच्याबरोबर. नातवंडांना एकटं पायरीवर सोडू नका. वस्तीजवळ मगर आली तर दगड मारणाऱ्यांत उभं राहण्याऐवजी वन विभागाला फोन करा.

बाकीच्याबद्दल. पहाटे घाटावर या, ओळखी तिथे होतात. पहिले आठ दिवस कुणी बोलणार नाही, नवव्या दिवशी तुमची सगळी माहिती त्यांना असेल. हरिपूरच्या संगमेश्वराला चालत जा, परतताना भूक लागली तर भडंग आहेच. कृष्णाकाठची वांगी थंडीत घ्या, भरून करा, मसाला कमी आणि तेल बऱ्यापैकी. पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती लागतात, तेव्हा काठावर जागा धरायला तासभर आधी जा, आणि कुठल्या गावची होडी आपली हे आधीच ठरवा, नाहीतर ओरडणार कुणासाठी?

शेजारच्या काकूंना पहिल्या पावसाआधी चहाला बोलवा. आयर्विनचा आकडा मोबाइलवर यायच्या आधी त्यांना माहीत असतो.

गुरुजी राहायला आले त्या वर्षीच्या जुलैत रात्री साडेअकराला फोन आला. "ताई, आयर्विनला अडतीस झालंय. सामान वर न्यायला घेऊ का?"

मी पुण्यात होते. इकडेही पाऊस होता. म्हटलं, "गुरुजी, वही उघडा, अडतीसला काय लिहिलंय बघा."

पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते वाचायला लागले, "अडतीस. काकूंना विचारा. झोपा."

"विचारलं का?"

"विचारलं. त्या म्हणाल्या, चाळीसला उठवते."